मुंग्या आल्या

"डोळे मिटा. मी बोटाला कापूस लावला की 'हो' म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि उजवा हात टेबलावर पसरला. मनगटावर आडवा व्रण होता. खिडकीला काच बसवताना ती सुटून मनगटात घुसली आणि आतला मज्जातंतू तुटला. तो शिवला, जखम भरली. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं अजून परक्याचीच होती. आज ती पास झाली तर मिस्त्रींना पुन्हा करवतीवर जाता येणार होतं. घरी बसून ते इतके कंटाळले होते की डाव्या हाताने त्यांनी घरातली सगळी दारं दुरुस्त केली होती, आणि आता त्यातलं एकही लागत नव्हतं.

"हो," मिस्त्री म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हो." आणि लगेच, "हो."

एकही चूक नाही. डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "कमाल आहे! इतक्यात?"

भिंतीलगतच्या बाकावर मिस्त्रींची बायको बिस्किटाचा पुडा फोडून बसली होती. तिला राहवेना.

"डॉक्टर, तुम्ही जरा उभ्या राहून करा बघू."

"का हो?"

"तुम्ही पुढे वाकलात की तुमची खुर्ची कुरकुरते. हे तिला हो म्हणतायत, बोटाला नाही."

मिस्त्रींनी एक डोळा उघडला. "मागचा सांधा सैल आहे खुर्चीचा," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "पाचर मारली की बसेल." मग बायकोकडे बघत, "घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, ते खोटं नाही."

"फिरू देत. परवा इस्त्रीला बोट चिकटलं, ते वास आल्यावर कळलं. तेही मला, यांना नाही. उद्या करवतीखाली बोट गेलं तर हे दुसऱ्या कुणाचं असेल म्हणून बघत बसतील." तिचा आवाज जरा खाली आला. "मला भीती वाटते हो."

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी खुर्ची पायाने मागे सारली. मिस्त्रींनी पुन्हा डोळे मिटले. कान मात्र सशासारखे उभे होते.

"हो," ते शेवटी म्हणाले.

"मी अजून लावलाच नाही."

मिस्त्री गप्प बसले. गप्पच बसून राहिले.

"आणि आता तीनदा लावला, मिस्त्री."

मिस्त्रींनी डोळे उघडले. चोरी पकडली गेल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण तीनदा लावूनही कळलं नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला.

"रंधा मारून झाला की फळीवरून हे बोट फिरवायचो," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसायच्या आधी खडबड बोटाला कळायची. तुम्ही त्याला मज्जातंतू म्हणता, डॉक्टर, पण मज्जा तर सगळी गेली."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मानेमागे बोट टेकवलं. "मेंदूकडून कण्यातून एक जाड दोर खाली उतरतो. त्याला फांद्या फुटतात." बोट खांद्यावरून, दंडावरून उतरत मनगटाशी थांबलं. "त्यातली एक इथून जाते. बोटांची खबर हिच्यातून वर आणि मेंदूचा हुकूम हिच्यातूनच खाली. तुमची इथे तुटली. टोकं आम्ही शिवली, पण टाक्याच्या पुढचा धागा मरून जातो. तो नव्याने वाढत बोटांपर्यंत जायला हवा."

"वाढतोय का?" मिस्त्रींनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर टाळला होता.

"त्यालाच विचारू या."

डॉक्टरीणबाईंनी मधल्या बोटाच्या टोकावर हलकेच टिचकी मारली. काही नाही. मग पेरावर. काही नाही. बोटाच्या मुळाशी, काही नाही. टिचक्या मनगटाच्या दिशेने मागे सरकू लागल्या, तशी बायकोच्या तोंडातलं बिस्कीट चावायचं थांबलं. तळहाताच्या वरच्या रेषेवर एक टिचकी. काही नाही. तिच्या जरा खाली आणखी एक.

"मुंग्या!" मिस्त्री ओरडले. "मुंग्या आल्या!"

बायकोने दोन्ही पाय बाकावर घेतले आणि पुडा झटकला. बिस्किटं खोलीभर झाली. "कुठंयत? कुठंयत?"

"बोटात!"

"मी मारली तळहातावर आणि मुंग्या आल्या बोटात," डॉक्टरीणबाईही आता हसत होत्या. "म्हणजे धागा वाढत इथवर आलाय. आणि बोट आपलंच आहे हे मेंदू विसरलेला नाही."

बायकोने पाय खाली सोडले, पदराने डोळे पुसले आणि हसत हसत बिस्किटं वेचू लागली. मिस्त्री ताठ झाले.

"मग उद्यापासून करवत सुरू?"

"अजिबात नाही. हा धागा नखापेक्षा भराभर वाढतो, पण तुमच्याएवढी घाई त्याला नाही. बोटाच्या टोकाला पोचेपर्यंत करवतीकडे बघायचंसुद्धा नाही."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," बायको टेबलाखालून म्हणाली.

बाहेर पडल्यावर मिस्त्रींनी भर रस्त्यात थांबून स्वतःच्या तळहातावर टिचकी मारली. मग दुसरी, जरा जोरात. तिसऱ्या टिचकीला ते जागच्या जागी उडाले. येणारेजाणारे वळून बघू लागले.

"अगं, आता नुसत्या मुंग्या नाहीत!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "कळ आली! पार टोकापर्यंत कळ आली!"

बायकोने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला.

"आली ना? मग आता जरा कळ काढा."