जोडी जमवणारी मशीन

सुट्टीत एटापल्लीला आलेल्या रश्मीनं आईला लॅपटॉपवर आपलं काम दाखवलं. "कोणत्या प्रथिनाची कोणासंग जोडी जमते, हे आम्ही शिकवलेला कॉम्प्युटर आधीच सांगते. सिकलसेलमध्ये रक्तातलं प्रथिन एकमेकाले चिकटते, म्हणून दादाले एवढं दुखते. ते चिकटणं थांबवणारं औषध शोधून राह्यलो आम्ही."

अंजनाबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "आमची जोडी जमवतानी अशी मशीन पायजे होती. दोघायच्याबी रक्तात हा दोष हाये, हे तवाच समजलं असतं. मी तुह्या बापासंग लगनच नसतं केलं."

रश्मी हसली. "मंग मी अन् दादा जन्मालेच नसतो आलो."

खाटेवर गुडघे आवळून पडलेला दादा सकाळपासून पहिल्यांदाच बोलला, "मले चाललं असतं."