घाटावरचे ठसे

"चोर आपला ग्रुपमाच शे!" योगेंद्रने ओट्यावर मूठ आपटली.

तापीकाठी आजही वाळूचे ट्रॅक्टर सापडले नव्हते. धाडीचा बेत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरायचा आणि गाव घाटावर पोचायच्या आत ट्रॅक्टर पसार. त्यातल्याच एका ट्रॅक्टरने उन्हाळ्यात त्याच्या वडिलांना, मोतीलाल बापूंना चिरडलं होतं. ग्रुप बापूंनीच बांधलेला. तो ट्रॅक्टर चालवणारा हाती लागेपर्यंत योगेंद्रला अन्न गोड लागत नव्हतं.

"दादा, रूपसिंगना भाऊ ट्रॅक्टरवर जास," आतेभाऊ दिग्विजय म्हणाला.

दिग्विजय रनाळ्याचा. ग्रुपात नव्हता, पण बापूंचा सख्खा भाचा, आणि भाचा म्हणजे देव. तेराव्याला रीतीप्रमाणे बापूंची खाट, छत्री, मोबाईल, चपला, सारं योगेंद्रने त्यालाच दिलं होतं, पाया पडून. त्याचा शब्द कसा पडू द्यायचा?

"कोनी बाहेरथून वाचत व्हई," सालदार रूपसिंग चाचरत म्हणाला.

योगेंद्रची बहीण रोशनी नंदुरबारला कॉम्प्युटर शिकते. तिने मान हलवली. "नही. मेसेज निंघस तवयच त्याले कुलूप लागस. ज्या ग्रुपमा शेतस, त्यासनाकडेच किल्ली ऱ्हास."

"ऐकं?" योगेंद्र रूपसिंगवर धावला. "किल्ली तुन्हाकडे बी शे!"

"भाऊ, मी कोनले सांगं नही. बापूनी मन्ही मांडीवर जीव सोडा."

"चालता व्हय!"

सगळ्यांदेखत त्याला ग्रुपातून काढलं. शुद्ध दांडगाई होती ती. जन्मभर त्या घरात राबलेला माणूस डोळे पुसत ओटा उतरला.

दिग्विजय रनाळ्याला गेला. दुपारी योगेंद्रने नवा बेत टाकला: खालचा घाट, चार वाजता.

चारला घाट रिकामा. ठसे ताजे, चर अजून पाझरत होते.

योगेंद्रने रागाने वाळूत लाथ मारली. "आते कोन? ग्रुप तं सगळा आठेच उभा शे!"

रोशनीने भावाचा मोबाईल घेतला आणि त्याच्या मेसेजवर बोट दाबून धरलं. कोणी कोणी वाचला, ती नावं खाली आली. तिचा चेहरा उतरला. तिने मोबाईल भावापुढे धरला.

घाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव होतं. आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यांच्या आधी वाचलेलं: बापू.