चपला घालताना

"पिच्चर कसा वाटला ते तोंडानं सांगायचं न्हाई," हा हौसाबाईंचा नियम गल्लीत ठरलेला होता. रविवारी बायका त्यांच्या सोप्यात विनोदी पिच्चर बघायच्या. संपला की हौसाबाई दारात कान देऊन उभ्या राहायच्या. चपला घालताना कुणी त्यातली चाल गुणगुणली, तरच तो पुढच्या गल्लीला सुचवायचा.

आज नवरदेव हरवलेल्या वरातीचा पिच्चर होता. वरात भलत्याच लग्नात जेवून येते आणि मागं क्लॅरिनेट तिला चिडवत राहतं. पिच्चरसाठी ते वाजवलं होतं हौसाबाईंच्या सुनेनं, नीलमनं. त्यांनी हे मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. "बँडवाल्याची पोर सून केलीस व्हय?" असं लग्नात शेजारच्या तानुबाईंनी हिणवलं होतं. आता भिडेखातर केलेलं कौतुक हौसाबाईंना नको होतं.

तानुबाईंसकट बायका पोट धरून हसल्या. पण चपला घालताना त्या एकमेकींना प्रसंगच सांगत राहिल्या. गुणगुणलं कुणीच नाही.

"असू द्या, आत्या," कप गोळा करत नीलम म्हणाली.

"गप. आजून भाकरी व्हायच्यात."

दिवेलागणीला शेजारी भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि त्या ठेक्यावर क्लॅरिनेटची तीच चाल, तानुबाईंच्या बेसूर गळ्यातून. हौसाबाईंनी पदर खोचला, नीलमला हाताला धरून खिडकीशी आणलं आणि हाळी दिली,

"तानू, सूर नीट लाव गं! बँडवाल्याच्या पोरीचा हाय त्यो, माझ्या सुनेचा!"