पंधरा नंबर

माणसांचे एकूण पंचवीस प्रकार आहेत, हे शास्त्राने फार पूर्वीच सिद्ध केलं होतं. पुढे ते चोवीस झाले, कारण दार-एस-सलामच्या बंदरात पेटी उतरवताना एक काच फुटली.

उरलेल्या काचा कोलोनला क्रेमरसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत, केकच्या शेजारी मांडल्या होत्या. दुधासारख्या पांढऱ्यापासून कोळशासारख्या काळ्यापर्यंत, प्रत्येकीवर आकडा. १९५८ सालच्या मार्चमधला रविवार होता. समोर खुर्चीच्या कडेवर दिनकर आपटे बसला होता. मूळचा पुण्याचा, इथे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारा. त्याला क्रेमरांच्या मुलीशी, उर्सुलाशी लग्न करायचं होतं. त्याआधी क्रेमरांना त्याचा हात बघायचा होता. भविष्यासाठी नव्हे, रंगासाठी.

दिनकरला हा कार्यक्रम ओळखीचा वाटला. पोह्यांच्या जागी केक होता, आणि आपण भलत्याच बाजूला बसलोय, एवढाच काय तो फरक.

क्रेमर संग्रहालयातून निवृत्त झालेले. तरुणपणी कैसरच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, आपल्या प्राध्यापकांच्या मागे ही पेटी घेऊन ते गावोगाव हिंडले होते. आधी बोटी गेल्या, मग झेंडे गेले, मग मळे झाले, असं त्यांनी कॉफी ओतता ओतता सांगितलं. मळ्यांवर कोणी राबायचं आणि का, हा प्रश्न उरला, तेव्हा पेटी गेली. हे सगळं ते आगगाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होते.

ट्रामपर्यंत सोडायला आलेल्या श्रीरंगने, दिनकरच्या खोलीतल्या मित्राने, एकच सल्ला दिला होता: बाकी काहीही बोल, तो एक शब्द तेवढा काढू नकोस. दिनकरला नेमका तोच आठवला.

"तसे आम्ही मूळचे आर्यच," तो म्हणाला.

क्रेमरांच्या पत्नीने न विचारता सगळ्यांना केकचा आणखी एक तुकडा वाढला. त्या घरात तो शब्द तेरा वर्षं कोणी उच्चारला नव्हता.

क्रेमरांनी विषय शास्त्राकडे वळवला. तुमच्या रंगाला तुमच्याकडे काय म्हणतात, असं विचारलं. गव्हाळ, दिनकर म्हणाला, आणि त्याचं जर्मन करून सांगितलं: गव्हासारखा.

"धान्य, पीठ की पाव?" क्रेमरांनी विचारलं.

गव्हाळ या शब्दावर दिनकरच्या घराण्यातली निम्मी लग्नं जुळली होती आणि काही मोडली होती. हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

त्याने बाही वर सरकवली आणि नकळत खुर्ची खिडकीकडे ओढली.

"खिडकीपासून दूर बसा," क्रेमर म्हणाले. "ऊन खोटं बोलतं."

तेही दिनकरला ठाऊक होतं. धाकट्या बहिणीला, वसुधाला, बघायला मंडळी यायची, तेव्हा खुर्ची खिडकीशी तोच नेऊन ठेवायचा. मुलाचे मामा ती परत आत घ्यायला लावायचे.

काचा एकेक करून हाताला लागू लागल्या. बाराला तरी थांबावं, अशी त्याची आशा होती. आपल्याला अशी आशा आहे याची लाजही वाटत होती. बारा गेली. तेरा गेली. चौदा त्याच्या हाताहून उजळ निघाली आणि सोळा गडद. मधला खण रिकामा होता. क्रेमरांनी पुन्हा चौदा लावली, पुन्हा सोळा लावली.

"फुटली ती पंधरा," ते शेवटी म्हणाले.

"मग तिकडे पंधरा नंबरच्या माणसांचं काय केलंत?" दिनकरने विचारलं.

"आल्झो, म्हणजे, सोय केली. ओझं नीट वाहतील ते सोळा. उरलेले चौदा."

"आणि चौदा नंबरवाले काय करायचे?"

"सोळांवर मुकादमी."

क्रेमरांनी दिनकरच्या खांद्यांकडे पाहिलं. मनात वाईट काही नव्हतं. सवय होती.

"पप्पा, हो की नाही तेवढं सांगा," शेजारी बसलेली उर्सुला म्हणाली.

"पंधरा मिळाल्याशिवाय मी काय सांगणार?"

ते टाळत नव्हते. त्यांना खरंच सांगता येत नव्हतं.

उर्सुला उठली. लहानपणी ती याच काचांशी खेळली होती.

"मी गेल्या आठवड्यात या काचा करणाऱ्या कारखान्यात जाऊन आले," ती म्हणाली. "पंधरा नंबर आहे का विचारायला."

दिनकरने मान वर केली. हात मोजला तर आत्ता होता; तिने मात्र तो मनात आधीच मोजला होता.

तिच्या ते लक्षात आलं. ती कानांपर्यंत लाल झाली. तो रंग पेटीत कुठेच नव्हता.

"मिळाली?" क्रेमर खुर्चीतून अर्धे उठले.

तिने खुंटीवरून दोन्ही कोट काढले. आपला अंगात घातला आणि दिनकरचा हातात धरून उभी राहिली, बराच वेळ. दिनकरने बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं. मग उठून त्याने कोटात हात घातला.

"नाही," उर्सुला दारातून म्हणाली. "ते आता न्हाणीघराच्या फरश्या करतात, पप्पा. त्या रंगाला गिऱ्हाईक नाही, म्हणून कधीच बंद केला."