उसने पाय

सामना सुरू होताच कोल्हापूरच्या तालमीत बसलेल्या चाळीस जणांचे पाय नेहमीप्रमाणे निर्जीव झाले. पोटऱ्यांना बांधलेल्या पट्ट्यांतून त्यांचे बळ इंग्लंडातील हार्विक फुटबॉल क्लबच्या आघाडीच्या खेळाडूच्या पायांत जात होते.

बाजीराव इंगवले चौदा वर्षे हे बळ देत होते. त्यांच्या पत्नी हौसाबाईंनीही अकरा वर्षे दिले. गेल्या महिन्यात त्या निवर्तल्या. दिवंगत चाहत्यासाठी मैदानावर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची हार्विकची रीत होती. परंतु बाजीरावांनी हौसाबाईंसाठी तशी विनंती केली, तेव्हा क्लबकडून ‘परदेशी चाहत्यांस ती लागू नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. तालमीत तर वैरी संघाच्या मृत खेळाडूसाठीही सारे उभे राहत. त्या उत्तराचा निखारा बाजीरावांच्या काळजात धगधगत राहिला.

आज अंतिम सामना होता. शेवटच्या मिनिटाला हार्विकला पेनल्टी मिळाली. याच क्षणाची वाट पाहणाऱ्या बाजीरावांनी पट्टी सोडली.

“उठा रे समदे! हौसाच्या नावानं दोन मिनिटं.”

“दाजी, आत्ता? कप जाईल की हातचा!” मेहुणा रंगराव ओरडला.

“जाऊ दे! तुझी भण गेली, तवा तिकडं कोण उठलं व्हय?”

रंगरावाने पट्टी सोडली. पाठोपाठ सारी तालीम भिंतीच्या आधाराने उभी राहिली. पडद्यावर चेंडूकडे धावणारा हार्विकचा तो खेळाडू गुडघ्यांवर कोसळला आणि परक्या मैदानावर हाहाकार उडाला.

बाजीरावांनी घड्याळाकडे पाहिले. अजून दीड मिनिट उभे राहायचे होते.