परत आलेल्या महालक्ष्म्या

घरात महालक्ष्म्या बसवणं बंद झालं, तसे अजयने त्यांचे जुने पितळी मुखवटे वरोऱ्याच्या सायबर कॅफेतून लिलावाच्या साइटवर विकले. फसायचं नाही, असं त्याने ठरवलंच होतं. चारही बाजूंनी फोटो काढले, पैसे आल्यावरच पार्सल बांधायला घेतलं. घेणारा खरा माल ठेवून नकली परत पाठवतो हे ऐकून होता, म्हणून मुखवट्यांच्या आत कानसेने बारीक खूणही केली. खोकं बंद करताना त्याच्या आईने, रुखमाबाईंनी, मुखवट्यांना कुंकू लावलं, तांदूळ आणि लाल खण आत ठेवला.

"घरून बाई रिकाम्या वटीनं नाई जात," एवढंच त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी पार्सल परत आलं. घेणाऱ्याला माल नको होता.

"माय, नकलीच धाडले असतीन," म्हणत अजयने खोकं फाडलं. आतली खूण जागेवर होती. कुंकू मात्र ताजं होतं आणि खण हिरवा.

"खण काऊन बदलला त्यानं?"

रुखमाबाईंनी खणावरचे तांदूळ पदरात घेतले.

"त्यानं नाई रे. त्याच्या घरी कोणी बाई आहे. तिनं वटी भरून माहेरी धाडलं."