डावा शॉकअप

पावडरीवर ओला पट्टा उमटला तो उजव्या शॉकअपवर. धाकट्याने तो फडक्याने पुसला, मोटरसायकलच्या पुढच्या दोन्ही शॉकअपवर नव्याने टाल्कम पावडर थापली, हँडल धरून गाडी पंधरा वेळा खाली दाबली आणि वाकून पाहिलं. पट्टा पुन्हा उजवीकडेच. डावा शॉकअप नुकत्याच निजवलेल्या बाळासारखा कोरडा आणि पांढराफेक होता.

गळती सापडली की मेकॅनिकला बरं वाटतं. धाकट्याने मात्र फरशीवर बसकण मारली. कारण बाबा 'डावा' म्हणाले होते.

बाबांनी चाळीस वर्षं याच गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त केल्या. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिचं काय दुखतंय हे ते सांगायचे. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. तिसऱ्या आठवड्यात एक शब्द परत आला. 'डावा.' पाणी हवं का? डावा. आज वार कोणता? डावा. डॉक्टरांनी हे वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली.

धाकटा वही मिटायला तयार नव्हता. त्याच्याकडे प्रत्येक 'डावा'चा खुलासा होता. दाढी करणाऱ्याला बाबा डावा म्हणाले, म्हणजे डाव्या गालापासून सुरू कर. ताईने विचारलं, मी कोण? बाबा म्हणाले, डावा. धाकटा म्हणाला, बरोबर आहे, तू त्यांच्या डावीकडेच बसलीयस.

ताई तेव्हा उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तिने एका संस्थेत बाबांसाठी खाट मिळवली होती. तिथे रात्रंदिवस नर्स होत्या, व्यायाम करून घेणारा माणूस होता. इथे गॅरेजमागची एक खोली होती आणि धाकटा होता. तोही निम्मा वेळ कुठल्यातरी गाडीखाली. रविवारी दहाला संस्थेची व्हॅन येणार होती. धाकट्याचं म्हणणं एवढंच होतं, की डोकं शाबूत असलेल्या माणसाला तिथे टाकायचं नाही. बाबांना सगळं कळतं. आपल्या गाडीला पुढून ऑइल गळायला लागलंय हे त्यांनी खाटेवरून पाहिलं, आणि कुठला शॉकअप तेही सांगितलं.

"अरे राजा, ते शब्द बोलतात. त्या शब्दात बाबा नाहीत," ताई म्हणाली. मग म्हणाली, "एक बिघाड बरोबर सांगू देत. एक. मी व्हॅन परत पाठवीन."

पैज त्याने लगेच घेतली. डावा शॉकअप खोलला तोही पैज घेतल्यावर. ऑइल अडवणारं आतलं सील कालच बसवल्यासारखं निघालं. पावडर आधी लावायची असते, खोलायचं नंतर. हा धडा बाबांचाच. पण ज्याने धडा शिकवला त्याचाच शब्द हाताशी असताना पावडर लावणं धाकट्याला उद्धटपणाचं वाटलं होतं.

शनिवारी दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर त्याने दार लोटून घेतलं. दोन्ही शॉकअप उतरवले. उजवीकडचं फाटकं सील डावीकडे घातलं, डावीकडचं चांगलं उजवीकडे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने गाडी नीट खोलून, नीट पुसून, नीट बिघडवली. काम इतकं सफाईदार झालं की बाबांना दाखवावंसं वाटलं.

रविवारी पावणेदहाला ताई आली. परीक्षा ती घेणार, धाकट्याने तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. त्याने बाबांना उचलून गाडीच्या सीटवर बसवलं आणि मागे बसून कवेत धरलं. बाबांचा डावा हात आपोआप हँडलवर गेला. उजवा मांडीवर पडून राहिला.

ताई मेकॅनिकची लेक होती. पावडर तिने स्वतः लावली. पुढचा भाग स्वतः दाबला. डाव्या शॉकअपवरून ऑइलचा ओघळ आला, आणि थेंब फरशीवर टपकला. मग तिने बाबांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत धाकट्याला जे दिसलं त्याची त्याने अपेक्षा केली नव्हती. ही पैज आपणच हरावी, असं ती आतून देवाला विनवत होती.

बाहेर व्हॅन थांबल्याचा आवाज झाला.

"बाबा," ताई म्हणाली, "पुढून ऑइल गळतंय. कुठला शॉकअप?"

धाकटा निर्धास्त होता. दुनियेत काहीही चुकू शकतं, पण ज्या माणसाकडे एकच शब्द आहे त्याचं उत्तर चुकायला जागाच नसते.

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मान ताठ केली. कपाळावर घाम आला. जड पाना अडलेल्या नटावर लावावा तशी त्यांची जीभ कुठेतरी अडली, घसरली, पुन्हा लागली. डावा हात हँडलवरून सुटला, डावा शॉकअप ओलांडून पलीकडे गेला आणि उजव्या शॉकअपच्या डोक्यावर त्यांनी बोटाने दोनदा टकटक केली. चाळीस वर्षं ते बिघाड असाच दाखवत आले होते. दोन महिने अडलेला नट फिरला.

"उजवा," बाबा म्हणाले.